आगबोटीवरचे माजघर

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. मांजरा, कारंजा, भीमा या नद्या आणि त्यांवरील धरणांचे जलाशय, एवढेच काय ते येथील माणसाला ठाऊक असलेले पाणी. पण बीदरचा दर्याशी संबंधच नाही असे जर कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. ज्याच्या मदरशाचा निळ्या कौलांनी मढलेला मनोरा आजही बीदरमध्ये उभा आहे, तो महमूद गावान इराणातील गिलान प्रांतातून समुद्रमार्गे दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला आला. मदरसा त्याने 1472 साली बांधला. त्याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी, होर्मुझहून घोड्यांनी भरलेल्या गलबतात बसून, चौलच्या किनाऱ्याला लागला. आपला घोडा घेऊन तो जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला आणि तेथे त्याने तो विकला. परतताना त्याने दाभोळला गलबत धरले. निकितिनने आपल्या प्रवासाचे टिपण लिहून ठेवले आहे. गलबतात झोपावयास जागा कोठे मिळाली, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारीतही नसे. घोड्यांना जेथे जागा उरेल तेथे माणसांनी पथारी टाकावी, इतका तो साधा हिशेब होता.

आज मात्र हा प्रश्न भालकीत, औरादला, बसवकल्याणला, आळंदला, घरोघरी नसला तरी काही घरांत खरोखरच विचारला जातो. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पण घरातील बोलणे मराठीतच राहिले, आणि मुले शिकून पुण्यामुंबईस गेली. ती मुले आईवडिलांना म्हणतात, ‘काशी झाली, रामेश्वर झाले, आता एकदा बोटीने गोवा पाहून या.’ 2021 सालापासून ‘एम्प्रेस’ नावाची प्रवासी बोट मुंबईहून सफरी करू लागली. त्याआधी 2018 साली कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणारी ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा जाऊ लागली होती; ती 2020 मध्ये थांबली. अशा बोटीचे तिकीट काढावयास बसले की पहिलाच प्रश्न समोर येतो तो हा की, खोली आतली घ्यावयाची की बाहेरची?

भालकीकडील एक निवृत्त जोडपे कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. गुरुजींचे निवृत्तिवेतन बेताचे आहे. बाईंच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही. मुलाने अर्धे पैसे देऊ केले आहेत, उरलेले अर्धे गुरुजींनी साठविलेल्या रकमेतून जावयाचे आहेत, आणि असा प्रवास त्यांच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणार आहे. खिडकीच्या खोलीचे आणि आतल्या खोलीचे भाडे यांत जो फरक पडतो तो अशा घराला लहान नसतो. तेव्हा गुरुजींचे मन आतल्या खोलीकडे झुकते. बाई मात्र म्हणतात, ‘अहो, खिडकी नसलेल्या खोलीत मला झोप लागायची नाही.’ येथे दोघांपैकी कोणाचेही चूक नाही, म्हणूनच हा विषय थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे.

प्रथम ही आतली खोली म्हणजे काय ते समजून घ्यावे. एम्प्रेसचेच उदाहरण घेतले तर ही बोट फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधली गेली आणि 1990 साली पाण्यावर आली. तिची लांबी सुमारे 210 मीटर आणि रुंदी सुमारे 30 मीटर. एवढ्या रुंद बोटीत दोन्ही काठांना खिडकीच्या खोल्यांची एकेक ओळ लावली, त्यांच्यालगत एकेक बोळ सोडला, तरी मधे पुष्कळ जागा शिल्लक राहते. त्या मधल्या जागेत ज्या खोल्या बसवितात त्याच आतल्या खोल्या. पलंग, कपाट, आरसा, न्हाणीघर, थंड हवेची सोय, सारे बाहेरच्या खोलीसारखेच असते. नसते ती फक्त खिडकी. 1984 साली एका इंग्रजी कंपनीने ‘रॉयल प्रिन्सेस’ या बोटीत झाडून साऱ्या खोल्या बाहेरच्या ठेवून पाहिल्या. पण आतल्या खोल्या काही नाहीशा झाल्या नाहीत, कारण बेताच्या पैशांचा प्रवासी नाहीसा झालेला नाही.

बीदर-कलबुर्गीच्या माणसाला अशी खोली वस्तुतः अनोळखी नसावी. जुन्या माळवदाच्या घरात पुढे ढेळज, मग चौक, सोपा आणि सर्वांत आत माजघर असे. माजघराला खिडकी नसे. वर एखादे सवणे, त्यातून पडणारा उन्हाचा एक कवडसा, आणि हाताहाताच्या रुंद भिंती. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असता दुपारची झोप माजघरातच गोड लागे. बाळंतिणीची खाट तेथे, घरातील ठेवही तेथेच. बोटीवरची आतली खोली हे त्या आगबोटीचे माजघरच म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की, येथे सवणेही नाही.

परंतु या उपमेला दुसरी बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपी गेली असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. ज्या रुंद भिंती उन्हाळ्यात गारवा देत त्याच दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात असली तरी भालकी, बसवकल्याण, आळंद ही गावे तिच्यापासून दूर नाहीत. सोयरिकी तर दोन्हीकडच्या. त्यानंतर कित्येक महिने या भागातील माणसे अंगणात, ओसरीवर, शेतात झोपत होती. आज तिशी उलटूनही काही जणांना, विशेषतः त्या वेळी ज्यांची मुले लहान होती अशा आयांना, दार लावलेल्या अंधाऱ्या खोलीत जीव घाबरा होतो. बाई जेव्हा म्हणतात की खिडकी नसली तर झोप लागावयाची नाही, तेव्हा ती हौस नसते. घरच्या माणसांनी त्या वाक्याला हसू नये, आणि पैसे वाचतात एवढ्यासाठी ते कानाआडही टाकू नये.

मग करावे काय? पैसे भरण्यापूर्वी दोन रात्री घरीच प्रयोग करून पाहावा, हा सर्वांत स्वस्त उपाय. घरातील सर्वांत आतली खोली निवडावी, खिडकी असल्यास तिच्यावर जाड घोंगडी टाकावी, दार लावून घ्यावे आणि दिवा मालवून निजावे. पहिल्या रात्री कोणालाही चमत्कारिक वाटते. दुसऱ्या रात्री, एखादा मिणमिणता दिवा ठेवून, झोप लागते की नाही ते पाहावे. लागली तर आतली खोली खुशाल घ्यावी. छातीत धडधड होऊन उठून बसावे लागले तर प्रवास सहा महिने पुढे ढकलावा, पैसे साठवावेत, पण खिडकीचीच खोली घ्यावी. तीन रात्री जागून काढण्यासाठी कोणी बोटीवर जात नाही.

प्रयोग यशस्वी झाला असे धरून पुढे जावयास हरकत नाही. आता साऱ्या आतल्या खोल्या सारख्याच, तेव्हा मिळेल ती घ्यावी, असे पुष्कळांना वाटते. हा मोठा गैरसमज आहे. भाडे सारखे असले तरी सुख सारखे नसते.

ज्यांनी एस्टीच्या अगदी मागच्या बाकावर बसून खड्ड्यांच्या रस्त्याने प्रवास केला आहे त्यांना ही गोष्ट फोडून सांगावी लागणार नाही. पुढचे आणि मागचे टोक उसळते, मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. बोटीचेही तसेच आहे. लाटेवर चढताना तिची नाळ वर जाते, मागची बाजू खाली बसते, मग उलट. 210 मीटर लांबीची बोट मध्यबिंदूवर केवळ दोन अंशांनी कलली तरी टोकाशी, म्हणजे शंभर मीटरांवर, जमीन साडेतीन मीटर वरखाली होते. तेच मध्यापासून दहा मीटरांवर जेमतेम एक वीत दीड वीत. तेव्हा खोली लांबीच्या दृष्टीने मधोमध असावी. बोट दोन्ही कुशींवरही झुलते. तो झोका जितके उंच जावे तितका मोठा होतो आणि जितके काठाकडे जावे तितका जाणवतो. म्हणून खालच्या मजल्यावरील, मध्यावरील, आतली खोली ही साऱ्या बोटीत सर्वांत कमी हलणारी जागा ठरते. दाम मोजून सर्वांत वरची सज्जाची खोली घेणाऱ्या प्रवाशाला वादळी रात्री जे भोगावे लागते, ते खालच्या माजघरात निजलेल्याला कळतही नाही.

तरीही ‘बोट लागते’ ती लागतेच, आणि तेथे आतल्या खोलीचा एक दोष पुढे येतो. कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे ते सांगते की शरीर हलते आहे. डोळ्यांसमोरची भिंत सांगते की सारे स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. समोर क्षितिज दिसत असले की तो मेळ बराचसा बसतो. म्हणून मळमळू लागले तर आतल्या खोलीत बसून वाचीत राहू नये. एक तर डोळे मिटून उताणे पडावे, नाही तर सरळ मधल्या उघड्या डेकवर जाऊन दूर नजर लावावी. सुंठ किंवा आलेपाक जवळ ठेवण्याचा जुना उपाय अगदीच निराधार नाही. औषधाच्या गोळ्या मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी तर विशेषेकरून.

हलण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आवाजाचा, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आगगाडीचे तिकीट काढताना चाकावरची जागा नको, संडासाजवळची नको, मधली बर्थ नको, हे सारे शहाणपण येथील माणसापाशी असते. बीदरहून लातूरमार्गे रात्रीच्या गाडीने मुंबईस जाणारा, किंवा कलबुर्गीला मद्रासकडून येणारी गाडी धरणारा प्रवासी जागेच्या बाबतीत भारीच चोखंदळ असतो. तेच शहाणपण त्याने बोटीवर वापरावे. कंपनी प्रत्येक मजल्याचा नकाशा छापते. तो एकच मजल्याचा पाहू नये. वरचा आणि खालचा असे तीन नकाशे शेजारी शेजारी मांडावेत. आपल्या खोलीच्या डोक्यावर जर भोजनगृह असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोलाचे ठोके पाठीला जाणवतात. पोहण्याच्या तलावाखालची खोली, मुदपाकखान्याखालची खोली, नोकरांच्या सामान नेण्याच्या दाराजवळची खोली, या साऱ्या टाळाव्यात. अगदी नाळेजवळ नांगराची साखळी सुटताना जो खडखडाट होतो त्याने मेलेला माणूसही उठून बसेल. मागच्या टोकाला यंत्राची थरथर. वरही खोल्या, खालीही खोल्या, आणि मधे आपली खोली, ही सर्वांत निर्धास्त मांडणी. कारण झोपलेली माणसे आवाज करीत नाहीत, घोरणारी सोडल्यास. आणखी एक बारीक गोष्ट. काही खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असते. दोन्ही खोल्या एकाच कुटुंबाच्या असतील तर ते सोयीचे. नसतील तर शेजाऱ्यांचे भांडण आपल्या उशाशी ऐकावे लागते.

नकाशावर जिन्याच्या आणि पाळण्याच्या खुणा असतात. पाळणा म्हणजे लिफ्ट. अगदी त्याच्या दाराशी खोली घेतली तर रात्रभर लोकांची वर्दळ, आणि फार लांब घेतली तर गुडघेदुखीच्या माणसाचे हाल. बोटीवरचे बोळ लांबच लांब असतात. भालकीच्या बाईंसाठी पाळण्यापासून सात-आठ दारांवरची खोली योग्य. पलंग सुटे दोन हवेत की जोडलेले, हेही आधीच सांगून ठेवावे. तिसऱ्या माणसासाठी भिंतीतून खाली ओढावयाचा वरचा पलंग असतो. त्यावर साठीच्या माणसाने चढू नये.

खोली निवडण्याचे हे वेड काही आजचे नाही. विलायतेहून मुंबईस येणारे साहेबलोक तांबड्या समुद्रातील उकाडा टाळण्यासाठी येताना बोटीची डावी बाजू आणि जाताना उजवी बाजू मागून घेत, आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच ‘पॉश’ हा शब्द झाला, अशी एक कथा सांगतात. कथा सुरेख आहे, पण तिला लेखी पुरावा कोणाला सापडलेला नाही. खरी माहिती असे ती बोटीवर चाकरी करणाऱ्या गोव्याच्या तारवटींना. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या त्यांच्या कुडी असत; बोट सुटेपर्यंत तेथे मुक्काम. कोणत्या खोलीत उकडते, कोठे तेलाचा वास येतो, हे त्यांना पाठ. ते स्वतः मात्र बोटीच्या पोटात, बिनखिडकीच्या खोल्यांतच महिनोन्‌महिने निजत. आजही कोणत्याही प्रवासी बोटीवरील नोकरवर्ग बहुधा आतच निजतो. खिडकी नाही म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्याने रोज आपला पलंग आवरणाऱ्या त्या तरुणाला एकदा त्याची खोली कोठे आहे ते विचारून पाहावे.

आणि कोकणच्या आगबोटींनी भाऊच्या धक्क्यावरून जाणाऱ्या लाखो चाकरमान्यांना तर खोली कसली? खालच्या डेकवर, यंत्राच्या उष्म्यात, वळकटी पसरावी, आणि मालवण-देवगडला मध्यसमुद्रात पडावात उतरावे. कलबुर्गीचे हाजीही 1995 पर्यंत मुंबईहून जेद्द्याला बोटीने जात. त्यांपैकी बहुतेकांचा प्रवास अशाच दाटीवाटीत, तोही कित्येक दिवसांचा. त्या मानाने चार भिंती, स्वतःचे न्हाणीघर आणि थंड हवा म्हणजे चैनच.

अंधाराविषयी थोडे. आतल्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. सकाळ झाल्याचे कळत नाही. पहाटे उठणारा माणूसही नऊपर्यंत घोरत पडतो आणि न्याहारीस मुकतो. गजराचे घड्याळ जवळ असावे. न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिले ठेवले की रात्रभराचा उजेड होतो. घरून लहान विजेरी दिवा नेला तर अधिक बरे. पुष्कळ बोटींवर दूरदर्शनसंचाच्या एका वाहिनीवर नाळेवरून दिसणारा समुद्र चोवीस तास दाखवितात. आवाज बंद करून ती वाहिनी लावून ठेवली की भिंतीत खिडकी फुटल्यासारखी होते, पहाटही तिच्यातूनच दिसते. ही कल्पना पुढे नेऊन 2011 साली ‘डिस्ने ड्रीम’ या बोटीच्या आतल्या खोल्यांत गोल खिडकीसारखे पडदेच बसविले गेले. मात्र त्यापायी आपल्याकडील प्रवाशाने अमेरिकेस जाण्याचे कारण नाही.

स्वस्तातील स्वस्त तिकिटात खोलीचा क्रमांक देत नाहीत. ‘आतली खोली मिळेल’ एवढेच वचन देतात आणि उरलीसुरली खोली हातावर ठेवतात. तरुण पोरांनी तो जुगार खेळावा. ज्यांना गुडघे आहेत, ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी थोडे अधिक देऊन क्रमांक ठरवूनच पैसे भरावेत. आतल्या खोलीने वाचविलेल्या रकमेतून एवढा खर्च खुशाल निघतो. प्रवासही पावसाळा टाळून, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावा. नारळी पौर्णिमेपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर होडी घालू नये हे कोळी सांगतात ते उगीच नव्हे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्रातील जुन्या घरांत बोटीचे नाव काढताच म्हातारी माणसे गप्प होतात, त्याचे कारण तेच.

आजच्या मोठ्या बोटींची गोष्ट निराळी असली तरी सावधपणा सोडू नये, आणि आतल्या खोलीतील प्रवाशाने तर नाहीच. बोट सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना संकटकाळी कोठे जमावयाचे ते दाखवितात. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आडवी झाली तेव्हा कित्येक नव्या प्रवाशांना ते अद्याप दाखविलेलेच नव्हते. त्यानंतर नियम अधिक कडक झाले. त्या वेळी चहा घेत बसू नये. खोलीत पाऊल टाकताच दारामागचा नकाशा पाहावा, आणि मग बोळात जाऊन, हात भिंतीला लावून, आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजावीत. वीज गेली, धूर झाला, तरी हाताला दारे लागतात. किल्लारीच्या रात्री ज्यांना अंधारात दार सापडले नव्हते त्यांच्या मुलुखातील माणसाला हे मोजणे अतिरेकाचे वाटणार नाही.

भालकीच्या त्या बाईंना नेमके हेच पटले. गुरुजींनी तीन मजल्यांचे नकाशे चटईवर पसरले, वर खोल्या खाली खोल्या असलेली मधली जागा शोधली, आणि पेन्सिलीने एका चौकोनावर खूण केली. बाईंनी चष्मा लावून त्या चौकोनापासून जिन्यापर्यंतची दारे बोटाने मोजली. नऊ भरली. त्यांनी पुन्हा एकदा मोजली, आणि मग मुलाला फोन लावावयास सांगितले.